न पाहिलेले नाणे

माणसाची पारख करण्यासाठी आपण जे शब्द वापरतो, त्यांतले निम्मे तरी सराफाच्या पेढीवरून आलेले असावेत. एखाद्याचे बोलणे खणखणीत असते, एखाद्याच्या शीलाचा कस लागतो, चांगल्या घराण्याच्या नावाला एखादा दिवटा मुलगा बट्टा लावतो. आणि नवे स्थळ कितीही गोड बोलले तरी घरातली म्हातारी माणसे म्हणतात, 'अरे, जरा वाजवून तरी घ्या!' बट्टा हा शब्द मूळचा सराफीच. झिजलेल्या, परमुलखातल्या किंवा हिणकस नाण्याच्या किमतीतून सराफ जी रक्कम कापून घेई तिला बट्टा म्हणत. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, हाली शिक्का असे नाना प्रकारचे रुपये एकाच बाजारात फिरत, आणि कुठला रुपया कुठल्याच्या बरोबरीचा हे पेढीवरच्या माणसाने सांगावे तेव्हा कळे. पोतदार, नाणावटी, पारख ही आडनावे ह्याच धंद्यातली. 'पारख' म्हणजे तरी काय? संस्कृतातल्या 'परीक्षा' ह्या शब्दाचे बाजारात वापरून गुळगुळीत झालेले रूप.

ह्या सगळ्या शब्दांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. नाणे आपल्या हातात आहे, ते दगडावर आपटता येते, तराजूत टाकता येते, कसोटीवर घासता येते. आज मात्र जुन्या नाण्यांचा शौक असणारी माणसे रात्री जेवणे आटोपली की फोनचा पडदा पुढे धरून बसतात आणि शेकडो कोस दूर असलेल्या, कधीही न पाहिलेल्या नाण्यावर बोली लावतात. पूर्वी हेच काम पोस्टाने आलेल्या यादीवरून चाले. त्या यादीत चित्र असले तर असे. नाहीतर दोन ओळींच्या वर्णनावर भागवावे लागे. म्हणजे आजचे संग्राहक अधिक पाहतात असे वाटेल. पण मला तसे वाटत नाही. चित्र नसताना आपण पाहिलेले नाही, हे माणसाला निदान ठाऊक तरी असे.

ही गोष्ट केवळ व्यवहाराची असती तर 'पैसे जपा' एवढे सांगून मोकळे होता आले असते, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला ती कुणी घेतली नसती. परंतु न पाहता घेतलेल्या नाण्यात पैशाहून अवघड असा एक प्रश्न दडलेला आहे. तो विकणाऱ्याच्या सचोटीपाशी सुरू होतो, पण तिथे संपत नाही. तो विकत घेणाऱ्याच्या घरी येऊन बसतो.

आधी नाणे म्हणजे काय ते पाहू. 'रुपया' हा शब्द ज्या 'रूप्य' पासून आला, त्याची व्युत्पत्ती पाणिनीने एका सूत्रात सांगितली आहे. ज्यावर रूप ठोकून उमटवले आहे, ते रूप्य. आपल्याकडच्या सर्वांत जुन्या नाण्यांना अभ्यासक 'आहत' नाणी म्हणतात तेही ह्याच अर्थाने. ठसा हे नाण्याचे मर्म आहे. त्याआधी चांदीचा तुकडा घेताना तो देणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावा लागे, नाहीतर प्रत्येक वेळी तो तोलून-पारखून घ्यावा लागे. ठसा आला आणि राजाने जणू सांगितले की, देणारा कोण आहे ह्याची चिंता करू नका, ह्या तुकड्याची हमी माझी. माणसाच्या शब्दावर विसंबण्याच्या जाचातून माणसाची सुटका करण्यासाठी नाणे जन्माला आले.

अर्थात ठसाही खोटा करता येतो हे राज्यकर्त्यांना लवकरच कळले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव मोठे सुंदर आहे: 'रूपदर्शक'. रूप पाहणारा, आणि दुसऱ्यांना दाखवणाराही. चालू शकणारे नाणे त्याने अडवले तर त्याला 12 पण दंड, आणि अडवायला हवे ते चालू दिले तरी तेवढाच. दोन्ही चुका कौटिल्याने एकाच तागडीत टाकल्या आहेत. खोट्याला खरे म्हणणे हा अपराध आहे हे आपण सगळेच मानतो. खऱ्याला खोटे म्हणणेही तितकेच वाईट, ही जाणीव फार थोड्यांना असते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

आता जुने नाणे लिलावात आले की काय होते? ज्या ठशाने माणसाच्या शब्दाची गरज संपवली होती, त्या ठशाविषयीच शंका उभी राहते आणि ती फेडायला पुन्हा माणसाचा शब्द लागतो. चाक फिरून पहिल्या जागी आले. 'लिलाव' हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला; पण 'एकवार, दोनवार, तीनवार' ही आपली हाळी मात्र चारचौघांत, माल समोर मांडून दिली जाई. मालाभोवती माणसे गोळा होत, उचलून पाहत, नाके मुरडत. शेजारच्याने मुरडलेले नाक हीसुद्धा एक माहितीच असते. घरबसल्या बोली लावणाऱ्याला माल दिसत नाही आणि ते नाकही दिसत नाही. त्याला फक्त आकडा चढताना दिसतो, आणि आकडा चढतो आहे त्या अर्थी माल चोख असला पाहिजे, असे तो समजतो. बोली लावणारा दुसराही त्याच्याकडे पाहून तेच समजत असतो.

छायाचित्रातून काय हरवते, हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे. नाण्याला दोन बाजू असतात अशी म्हण पडून गेली आहे. खरे तर तीन असतात. तिसरी म्हणजे कड, आणि चित्रात ती बहुधा नसतेच. खोट्याचा पत्ता पुष्कळदा तिथेच लागतो. साच्यात ओतून केलेल्या नाण्याच्या कडेवर दोन साचे जुळल्याची बारीक रेघ राहते. ती कानशीने घासली तर घासल्याच्या खुणा राहतात. ओतीव नाण्याच्या अंगावर हवेच्या बुडबुड्यांचे सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि अक्षरे जरा साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी बोथट दिसतात. थंड होताना धातू आकसतो, म्हणून ते मूळ नाण्याहून किंचित लहान भरते. आणि आवाज! ठोकलेली चांदी वाजते, ओतलेली बहुधा बद्द बोलते. वजनाचे तर आपल्या घराघरांत माप होते. जुन्या बायका औषधाला 'रुपयाभार सुंठ' घेत, कारण इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा असे. कड, आवाज, वजन, हाताला लागणारा थंडावा ह्यांतले काहीही पडद्यावर उमटत नाही. उमटतो तो प्रकाश, आणि तो कुठून पाडायचा हे विकणाऱ्याच्या हाती असते. तिरपा प्रकाश टाकला तर झिजलेला चेहरा उठावदार दिसतो. समोरून टाकला तर नाणे घासून-पुसून चकचकीत केल्याचे ओरखडे नाहीसे होतात.

आपल्या भागातल्या नाण्यांची आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे नाणे तिजोरीत कमी आणि गळ्यात अधिक राहिले. मोहरांना, रुपयांना कड्या डाखवून माळा केल्या गेल्या. पुढे ती कडी काढून, जागा घासून, भोक असेल तर बुजवून तेच नाणे संग्राहकाकडे जाते. त्या डागाला मी खोटेपणा म्हणणार नाही. कुणा आजीच्या गळ्यात पन्नास वर्षे राहिल्याची ती खूण आहे. पण ती झाकून, 'टाकसाळीतून आल्यासारखे' अशा वर्णनाने विकली गेली, की त्या आजीचाच उपयोग फसवणुकीसाठी केल्यासारखे होते. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी हे मूळचे व्हेनिसचे नाणे. तिथला डुकाट 1284 पासून 1797 पर्यंत जवळजवळ शुद्ध सोन्यात पडत होता, आणि त्यावरच्या उभ्या आकृत्यांमुळे आपल्याकडे त्याचे नाव पुतळी पडले. मागणी वाढली तशा इथल्या सोनारांनी हुबेहूब पुतळ्या केल्या; अक्षरे वाचता येत नव्हती म्हणून ती नुसत्या रेघांची झाली. त्या नकलाही आता आवडीने जमवल्या जातात. म्हणजे नक्कल ही मुळातच पाप आहे असे नव्हे. नक्कल म्हणून विकलेली नक्कल ही प्रामाणिक वस्तू आहे.

डोळ्यांनी पाहिले तरी दिसतेच असे नाही, हेही कबूल केले पाहिजे. 1911 साली पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या पदकात हत्ती कोरलेला होता. तो लोकांना डुकरासारखा दिसला, केवढा गहजब झाला, आणि पुढच्या वर्षी सोंड नीट काढून नवा ठसा करावा लागला. लक्षावधी डोळ्यांनी हातात धरून पाहिलेल्या नाण्याची ही कथा. मग पडद्यावरच्या चित्रात आपल्याला जे दिसावेसे वाटते ते दिसले तर नवल काय?

ह्या 'दिसावेसे वाटण्या'वर एक अख्खा बाजार चालतो. ईस्ट इंडिया कंपनीचा 1818 सालचा अर्धा आणा, एका बाजूला हनुमान किंवा रामपंचायतन, असे तांब्याचे नाणे आजही कुणीतरी कुणाला लाखांच्या गोष्टी सांगून विकत असतो. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही. मद्रासेकडच्या तिच्या सोन्याच्या होनांवर विष्णूची मूर्ती खरोखर होती, त्यामुळे थापेला जरा आधार मिळतो एवढेच. थाप खपते ती नेहमी अशी शेजारच्या सत्याचा हात धरून. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने कर आणि दलाली मागणाऱ्यांशी आपला काही संबंध नाही. ज्यांना फसवले गेले त्यांच्या लोभाला आपण हसतो. मला हसू येत नाही. आजोबांच्या पेटीत सापडलेल्या एका पैशाने मुलीचे लग्न पार पडेल, असे वाटणाऱ्या माणसाच्या मनात लोभापेक्षा गरज अधिक असते.

खोटेपणाच्या कलेत जो शिरोमणी मानला जातो, त्या कार्ल विल्हेल्म बेकर ह्या जर्मन गृहस्थाचे (1772–1830) उदाहरण वेगळे. तो ग्रीक आणि रोमन नाण्यांचे ठसे स्वतः कोरी, आणि पुष्कळदा कमी मोलाची खरी प्राचीन नाणी घेऊन त्यांच्यावरच नवा ठसा मारी, म्हणजे धातू तरी निखळ जुनाच असावा. मग ती नाणी लोखंडाच्या किसात आणि चरबीत घालून पेटी घोडागाडीच्या आसाला बांधायची आणि खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणायची. नाण्यांवर शतकांची झीज एका दुपारी चढे. ह्याला तो आपल्या म्हाताऱ्या मंडळींना हवा खायला नेणे म्हणे. त्याचे ठसे बर्लिनच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. बेकरची नाणी ज्यांनी घेतली त्यांनी ती हातात धरून, तज्ज्ञांना दाखवून घेतली होती. तेव्हा न पाहता घेणारा तेवढा मूर्ख आणि पाहून घेणारा शहाणा, अशी सोपी वाटणी करता येत नाही. फरक एवढाच की, बेकरला निदान घाम गाळावा लागला. चित्रावरून विकणाऱ्याला ठसा कोरावा लागत नाही. त्याने नुसते गप्प बसले तरी पुरते.

आणि हे गप्प बसणे हाच खरा पेच आहे. न सांगणे म्हणजे खोटे बोलणे का? सिसेरोने कर्तव्यांवरच्या आपल्या ग्रंथात दोन हजार वर्षांपूर्वी हा प्रश्न अगदी बाजारातलीच उदाहरणे घेऊन चर्चिला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक भला व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे गलबत घेऊन येतो. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना नाही. त्याने ते सांगावे का? डायोजेनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, कायद्याने जेवढे सांगायला हवे तेवढे सांगितले, लबाडी केली नाही, म्हणजे झाले. माल माझा, भाव माझा. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळे सांगितले पाहिजे. माणसे एकमेकांसाठी आहेत. सिसेरो शिष्याच्या बाजूला उभा राहतो. प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे हे त्याला मान्य आहे. पण तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट, ज्याला ती कळण्याची गरज आहे त्याच्यापासून तुम्ही स्वतःच्या फायद्यासाठी दूर ठेवलीत, तर ते लपवणेच, असा त्याचा निवाडा आहे.

त्याच ग्रंथात कॅनियस नावाच्या रोमन गृहस्थाची गोष्ट आहे. त्याला सिराक्यूजला समुद्रकाठी बाग घ्यायची होती. पिथियस नावाच्या सराफाने (हो, सराफच!) त्याला जेवायला बोलावले आणि गावातल्या कोळ्यांना सांगून ठेवले की, उद्या माझ्या बागेसमोर मासे धरा. जेवताना पाहावे तो समोर होड्याच होड्या, आणि पिथियसच्या पायाशी माशांच्या राशी. कॅनियसने मागेल ती किंमत देऊन बाग घेतली. दुसऱ्या दिवशी समुद्र मोकळा. आज कोळ्यांना सुट्टी आहे का, असे त्याने शेजाऱ्याला विचारले. शेजारी म्हणाला, इथे कुणी कधी मासे धरत नाही. कालच मला आश्चर्य वाटले होते.

कॅनियसने तर बाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.  छायाचित्र ही मला नेहमी त्या होड्यांसारखी वाटते.

आपला 1930 चा मालविक्रीचा कायदा ह्या बाबतीत पुष्कळच समंजस आहे. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, असे तो म्हणतो. लिलावात भाव चढवण्यासाठी विकणाऱ्याने खोटे बोलीदार उभे केले तर सौदा मोडण्याचा हक्क तो घेणाऱ्याला देतो. परंतु वर्णनच जर 'जसे आहे तसे' एवढ्या तीन शब्दांचे असेल तर कायदा काय करणार? ह्या तीन शब्दांइतके सत्य वाक्य जगात दुसरे नसेल. सगळेच जसे आहे तसे असते.

नाणे अस्सल असूनही त्याची हकीकत बनावट असू शकते, हा आणखी एक फेरा. सीझरच्या वधाची तारीख मिरवणारे ब्रूटसचे सोन्याचे नाणे ऑक्टोबर 2020 मध्ये लंडनच्या एका लिलावात 32 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. तोपर्यंत कुठल्याही प्राचीन नाण्याला एवढी किंमत आली नव्हती. ते जुन्या संग्रहातून आल्याची कागदपत्रे बनावट होती असे पुढे निघाले, आणि मार्च 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी ते ग्रीसच्या स्वाधीन केले. (सीझर मारला गेला त्याच वर्षी सिसेरोने तो ग्रंथ लिहिला, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो.) हकीकतीला एवढे महत्त्व का, असे कुणी विचारील. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे 1906 साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. एकूण 13,000 हून अधिक नाणी, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. क्षत्रपांचे राज्य जाऊन सातवाहनांचे आले, ही गोष्ट त्या एका मडक्याने सांगितली. ती नाणी सुटी सुटी बाजारात गेली असती तर चांदी तेवढीच राहिली असती. साक्ष पुसली गेली असती.

जॉर्ज अकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एक निबंध लिहून दाखवून दिले की, जिथे मालाचा दोष विकणाऱ्याला दिसतो आणि घेणाऱ्याला दिसत नाही, तिथे घेणारे धास्तीने भाव पाडून मागतात, त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगले विक्रेते निघून जातात आणि शेवटी वाईट मालच उरतो. त्याने उदाहरण जुन्या मोटारींचे घेतले होते. पुढे 2001 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या सराफांना हे नोबेलशिवाय कळत होते, असे म्हणण्याचा मोह मला होतो; पण नाण्यांच्या बाजारातला सर्वांत दुखावलेला माणूस प्रामाणिक विक्रेता आहे हे त्याने जितके स्वच्छ सांगितले तितके कुणी सांगितलेले माझ्या वाचनात नाही. परदेशात ह्यावर तोड म्हणून नाणे तपासून, श्रेणी ठरवून, प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करून देण्याची पद्धत 1986 च्या सुमारास निघाली. झाले असे की, डबीतले नाणे वाजवून घेता येत नाही, आणि लोक आता डब्याच खोट्या करू लागले आहेत.

इथवर विकणाऱ्याची गोष्ट झाली. आता घेणाऱ्याची.

आमचे एक स्नेही सार्वजनिक बांधकाम खात्यात ट्रेसर होते. उभा जन्म नकाशांच्या रेघा आणि आकडे गिरवण्यात गेला. निवृत्तीनंतर त्यांना इंग्रजी अमलातले रुपये जमवण्याचा नाद लागला. त्या मालिकेत 1939 चा रुपया फार विरळा. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, त्याच्या आधीचा तो शेवटचा. पेन्शनच्या दोन महिन्यांइतकी रक्कम देऊन त्यांनी तो एका लिलावातून, चित्र पाहून घेतला. नाणे घरी आले. वजन बरोबर 11.66. आवाज खणखणीत. चांदी चोख. कड निर्दोष. स्नेह्यांनी भिंग घेतले आणि आकड्यावर धरले मात्र, त्यांचा चेहरा उतरला. 9 चे पोट त्यांना खालच्या बाजूला कोरून उघडल्यासारखे दिसले. 1938 चा रुपया मुबलक मिळतो. त्याच्या 8 मधली बारीकशी चांदी खरवडली की 9 होतो. सगळे नाणे खरे, चाळीसपन्नास सेरांच्या घंटेसारखे खरे, आणि फक्त एक अंक खोटा.

खोटा, की तसा वाटणारा? एका जाणकाराने सांगितले, बहुतेक खोटा. दुसऱ्याने सांगितले, ठसा झिजला असेल, खराही असू शकेल. विकणाऱ्याने उत्तर दिले की, वर्णनात 'जसा आहे तसा' लिहिलेलेच होते.

ह्या टप्प्यावर बहुतेक माणसे काय करतात ते सांगायला नको. पूर्वी खोटा पैसा हाती आला की तो जत्रेत, अंधारात, नाहीतर देवाच्या ताटात सरकवीत. देव वाजवून घेत नाही. आज तो पुढच्या लिलावात सरकवतात. तेच चित्र, तेच तीन शब्द. फसवला गेलेला माणूस आणि फसवणारा माणूस ह्यांच्यात तेव्हा नेमके काय अंतर उरते, हे मला सांगता येणार नाही. 'मला कुठे खात्रीने ठाऊक आहे?' ही सबब तर हाताशी असतेच, आणि ती ह्या बाबतीत खरीही होती. स्नेह्यांच्या मनात हा विचार आला नाही असे नाही. वहिनी चिवडा परतत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "अहो, पण मग हे कुणाच्या घरी पाठवायचं?"

त्यावर ते नाणे तोडून टाकायला निघाले. इंग्रज सरकारने 1906 च्या नाण्यांच्या कायद्यात खोटे नाणे कापून टाकण्याचा अधिकार खजिन्यावरच्या अधिकाऱ्यांना दिलेला होता, हे त्यांना माहीत होते. सोनाराच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. समजा, खरा असला तर? रूपदर्शकाचा तो दुसरा दंड! जो रुपया थोड्यांच्याच नशिबी आहे, तो आपल्या शंकेपायी मोडीत घालण्याचा अधिकार एका निवृत्त ट्रेसरला कुणी दिला?

मला विचाराल तर त्यांनी पुढे केले ते बरोबर केले. ट्रेसिंग कागदावर तो 9 त्यांनी दसपट मोठा काढला, संशयाची जागा तांबड्या शाईने दाखवली, दोन्ही जाणकारांची मते खाली लिहिली आणि हे सगळे वर्णनात छापायचे ह्या अटीवर नाणे दुसऱ्या एका लिलावाला दिले. आले किती? चांदीच्या भावाहून थोडे अधिक. दोन महिन्यांच्या पेन्शनमधले पंधरा दिवस परत आले म्हणा ना. वहिनींनी ते पैसे मोजून कपाटात ठेवले आणि त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत.

गेल्या महिन्यात ते माझ्याकडे फोन घेऊन आले. तिसऱ्याच एका शहरातल्या लिलावाची यादी होती. 1939 चा रुपया, विरळा, जसा आहे तसा. राजाच्या कानाजवळ तांदळाच्या कणीएवढा एक ओरखडा होता. तो त्यांच्या ओळखीचा. तांबड्या शाईचे, जाणकारांच्या मतांचे कुठे नाव नव्हते. प्रकाश मात्र छान पाडला होता. 9 अगदी झळकत होता.

त्यांनी त्या लिलाववाल्यांना पत्र लिहिले, नकाशाची प्रत जोडली. उत्तर आले नाही. आता त्यांच्या मनात एकच घोळते आहे. आपणच बोली लावून तो परत घ्यावा का? घेतला तर तो पुढे कुणाच्या घरी जाणार नाही. पण मग ज्याने ती टीप गाळली त्यालाच भरपूर नफा आपल्या हाताने द्यायचा. न घ्यावा तर कुणीतरी पेन्शनर तिथे बसलेलाच आहे. शिवाय वहिनींना काय सांगायचे? असे ते मला विचारत होते, आणि मी नुसताच त्या झळकणाऱ्या आकड्याकडे पाहत होतो. लिलाव भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे. आम्ही पाहिले तेव्हा त्या रुपयावर तीन बोल्या लागलेल्या होत्या.